पेन्शनवर घर चालतं, हप्ते थकलेत आणि वसुलीवाले दारात. काय करावं?

शाईची_दौत | ११ जून २०२५

नमस्कार. मी कळव्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवून २०१८ साली निवृत्त झाले. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

२०२२ मध्ये यजमानांची बायपास झाली. मेडिक्लेम पहिल्याच आठवड्यात संपला. तेव्हा एका खासगी फायनान्स कंपनीकडून ४ लाखांचं पर्सनल लोन घेतलं. व्याज १६ टक्के, ४८ हप्ते, महिन्याला ११,३३६ रुपये. यजमान पुढच्या वर्षी गेले. हप्ते मात्र जुलै २०२२ पासून या जानेवारीपर्यंत, ३१ च्या ३१, दर ५ तारखेला गेले. एकही चुकला नाही. मग बिल्डिंगच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी आली, ९५,००० रुपये, आणि त्यातच माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. पेन्शन ३६ हजारांच्या आसपास. फेब्रुवारीपासून जून धरून पाच हप्ते थकले.

मार्चपासून फोन सुरू झाले. आधी दिवसाला दोन, आता पंधरा-सोळा. रात्री सव्वानऊला येतो, सकाळी पावणेसातला येतो. मुलीच्या सासरी फोन केला. गेल्या आठवड्यात दाराला ब्राऊन टेपने कागद चिकटवला, त्यावर लाल मार्करने फ्लॅट नंबर आणि ‘थकबाकीदार’. आणि काल वटपौर्णिमा. बिल्डिंगमधल्या बायका वडाला जाऊन पूजेची ताटं घेऊन परत येत होत्या, तेव्हा गेटवर दोघं उभे. वॉचमनला मोठ्याने विचारत होते, “ती चौथ्या मजल्यावरची मास्तरीण पैसे बुडवून बसलीये, ती घरात आहे का?” त्या बायकांमध्ये दोघी माझ्याच विद्यार्थिनी.

मी पैसे बुडवणार नाही. देणं आहे ते देणं आहे. पण ते म्हणतात पेन्शन बंद करू, पोलीस आणू. खरंच करता येतं का? आणि इतकी शोभा न होता हे फेडायचं कसं? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

गवतीचहा | ११ जून

बाई, वाचून हात थरथरले. आधी तो कागद काढला असेल तर फेकू नका. फोटो काढला नसेल तर पुन्हा दाराला धरून काढा, टेपसकट.

तीनहातनाका | ११ जून

कटू वाटेल पण लिहितो. निवृत्तीनंतर ११ हजारांचा हप्ता डोक्यावर घ्यायला नकोच होता. आपल्याकडे ऐपत न बघता कर्ज काढतात आणि मग वसुलीवाले वाईट. ज्याने पैसे दिले तो मागणारच.

पाचपाखाडीकर | ११ जून

@तीनहातनाका, नवऱ्याची छाती उघडलेली असताना ऐपत कोण बघत बसतं? ३१ हप्ते वेळेवर भरणारी बाई बेफिकीर नसते. मागायला कुणाची ना नाही. गेटवर उभं राहून ‘मास्तरीण’ म्हणून ओरडणं याला मागणं म्हणत नाहीत.

घोडबंदर_ट्रॅफिक | ११ जून

काकू, सरळ सिमकार्ड बदला. नवा नंबर फक्त घरच्यांना द्या. माझ्या मावसभावाने तेच केलं, फोन त्याच दिवशी बंद.

खाडीपूल | ११ जून

सिम अजिबात बदलू नका. हे मी आतून सांगतोय. मी सहा वर्षं वसुलीच्या एजन्सीत होतो, आधी टेलिकॉलर, मग फील्डवर. कळवा, खारेगाव, विटावा हा सगळा माझाच पट्टा होता. आता सोडलं, रिक्षा चालवतो, झोप लागते.

आत काय चालतं ते सांगतो. थकबाकीचे दिवस मोजून खाती ‘बकेट’मध्ये टाकतात. ३० दिवसांपर्यंत एक, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी. ९० च्या पुढे खातं एनपीए, म्हणजे कंपनीच्या हिशेबात थकीत कर्ज, होतं आणि फाइल आणखी कडक एजन्सीकडे जाते. बाईंच्या बाबतीत तेच झालंय, म्हणून मे-जूनमध्ये आवाज बदलला. एजंटला पगार नावापुरता, बाकी सगळं कमिशन. महिनाअखेरीला टीम लीडर त्याला जे बोलतो तेच तो तुम्हाला ऐकवतो. हे मी माफी म्हणून सांगत नाही, समजावं म्हणून सांगतो.

नंबर बंद लागला की खातं ‘स्किप’ होतं. म्हणजे माणूस सापडत नाही. मग अर्जात दिलेले ओळखीचे दोन नंबर, जुनं ऑफिस, शेजारी, सगळीकडे शोध सुरू होतो. शोभा तिथून वाढते. घोडबंदरवाल्या भावाच्या मावसभावाचे फोन बंद झाले असतील, त्याच्या आईला विचारा तिला किती आले.

दुसरं, ‘सोमवारी भरते’ असं फोन ठेवायच्या घाईत कधीच म्हणू नका. त्याला आम्ही पीटीपी म्हणायचो, पैसे भरण्याचा शब्द. दोन शब्द मोडले की स्क्रीनवर शेरा पडतो आणि मग घरी माणूस पाठवतात. जमत नसेल तर “आज तारीख देऊ शकत नाही, मी कंपनीला लेखी कळवते आहे” एवढंच वाक्य. रोज तेच.

शाईची_दौत | ११ जून

@खाडीपूल, मी तर चार वेळा ‘सोमवारी’ म्हणाले असेन. फोन बंद व्हावा म्हणून.

खाडीपूल | ११ जून

सगळेच म्हणतात बाई. आता नका म्हणू.

कोर्टनाका | १२ जून

मी वकील आहे, ठाण्यातच प्रॅक्टिस. बाईंच्या दोन भीतींपैकी एक पूर्ण पोकळ आहे, दुसरीत थोडं तथ्य आहे. दोन्ही नीट सांगतो.

पेन्शन कोणतीही फायनान्स कंपनी बंद करू शकत नाही. तिचा तिथे संबंधच येत नाही. समजा कंपनी कोर्टात गेली, हुकूमनामा मिळवला, तरीही दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जप्तीतून वगळलेली आहे. सरकारी पेन्शनला तर १८७१ च्या पेन्शन कायद्याचं कलम ११ वेगळं संरक्षण देतं. लोक विचारतात, खात्यात जमा झाल्यावर काय? राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की निवृत्तीचे पैसे हातात आले, मुदतठेवीत ठेवले, म्हणून त्यांचं हे संरक्षण जात नाही. एक सावधगिरी: ज्या बँकेचं कर्ज त्याच बँकेत पेन्शन खातं असेल तर बँक परस्पर वळती करण्याचा प्रयत्न करते. बाईंचं कर्ज दुसरीकडचं आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

पोलीस. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. त्यासाठी कुणी अटक करत नाही. पण चेक परत गेला तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, आणि हप्त्याची ऑटो-डेबिट परत गेली तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं. त्यात आधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस मिळतात. अशी नोटीस आली तर घाबरू नका, पण कपाटात टाकून विसरूही नका. वकिलाकडून उत्तर द्या. लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्याची, नोटीस आली तरी तसंच.

आणि व्हॉट्सअॅपवर राजमुद्रा छापलेला ‘वॉरंट’चा कागद आला असेल तर त्यावर प्रकरण क्रमांक आहे का बघा. वॉरंट व्हॉट्सअॅपवर एजंट पाठवत नसतो.

वागळे_शिफ्ट२ | १२ जून

वकील साहेब, जामीनदाराचं काय? मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होतो, कारखाना बंद पडला. ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली, पेन्शन २,६४० रुपये. होय, महिन्याचे. सोबत काम करणाऱ्या मित्राला पतसंस्थेतून कर्ज हवं होतं, मी जामीन राहिलो. तो गावी निघून गेला, फोन उचलत नाही. आता पतसंस्थेची माणसं माझ्याकडे येतात. मी पैसे घेतले नाहीत, एक सही केली.

कोर्टनाका | १२ जून

काका, वाईट वाटतं सांगायला, पण कायद्याने जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो. कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम १२८. आधी कर्जदाराकडे जा मगच माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही.

पतसंस्थेची गोष्ट आणखी वेगळी आहे. पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं, त्या सहकार खात्याखाली येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. दाखला मिळण्याआधी तुम्हाला नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते. ती सुनावणी चुकवू नका. बहुतेक जामीनदार इथेच चुकतात, ‘मी कुठे पैसे घेतलेत’ म्हणून जातच नाहीत. तुम्ही भराल ती रक्कम नंतर मित्राकडून वसूल करायचा हक्क तुमचा राहतो. पेन्शन जप्त होत नाही हे तुम्हालाही लागू.

वागळे_शिफ्ट२ | १२ जून

गेल्या महिन्यात एक कागद आला होता. सही करून घेतला आणि टीव्हीखाली ठेवला. आज काढतो.

पाचपाखाडीकर | १२ जून

काका, आजच. आणि नोटीस किती तारखेची ते इथे सांगा.

सोनचाफा | १२ जून

मी नेरूळहून. थोडं विषयांतर, पण बाईंना बळ मिळेल म्हणून सांगते. हे अचानक गेले तेव्हा त्यांच्या क्रेडिट कार्डावर १ लाख ८० हजार होते. तेराव्याच्या आत फोन. “तुम्ही पत्नी आहात, तुम्हालाच भरावे लागतील.” मी फॅमिली पेन्शनमधून दोन महिने पाच-पाच हजार भरलेसुद्धा. मग मंडळातल्या एका ताईंनी सांगितलं की वारसाची जबाबदारी मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते, आणि फॅमिली पेन्शन ही त्यांनी मागे ठेवलेली मालमत्ता नाही, ती माझी आहे. त्यांच्या नावावर एक जुनी स्कूटर आणि खात्यात सात हजार होते. मृत्यूचा दाखला जोडून तसं पत्र दिलं. पुन्हा फोन आला नाही.

ते दहा हजार गेले ते गेले. त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की बाराव्याच्या स्वयंपाकाची यादी करता करता मी त्या मुलीला ‘सॉरी मॅडम’ म्हणत होते.

गवतीचहा | १२ जून

सोनचाफा ताई... काही बोलता येत नाही.

माजी_शाखाधिकारी | १३ जून

नौपाड्यातून लिहितो. बँकेत ३६ वर्षं, शेवटची नऊ वर्षं शाखाधिकारी. वसुलीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून जबाबदारीने लिहितो.

वसुली झालीच पाहिजे. तुमच्या-आमच्यासारख्यांच्या ठेवींचेच पैसे कर्जाऊ जातात. पण वसुलीचे नियम आहेत आणि ते आजचे नाहीत. एप्रिल २००८ चं रिझर्व्ह बँकेचं वसुली एजंटांबद्दलचं परिपत्रक आमच्या शाखेत सगळ्यांना सही करून वाचायला दिलं होतं. एजंटला प्रशिक्षण हवं, ओळखपत्र हवं, बँकेचं अधिकारपत्र हवं, कर्जदाराला एजन्सीचं नाव आधी कळवलेलं हवं. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने ते बँकांइतकंच फायनान्स कंपन्यांनाही स्पष्ट लावलं. थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक-मित्र-शेजारी यांच्या खासगी आयुष्यात घुसणं नाही. एजंटने केलं म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत, जबाबदारी कंपनीचीच.

बाई, म्हणजे काल-परवाच्या गोष्टीत वेळेचा नियम पाळला गेला असेलही, सकाळचे दहा असतील. पण गेटवर जे झालं तो सार्वजनिक अपमान आहे. दाराचा कागद तोच. मुलीच्या सासरचा फोन तोच. रात्री सव्वानऊ आणि सकाळी पावणेसात हे वेळेचं उल्लंघन. तारखा-वेळा लिहून ठेवल्यात का?

शाईची_दौत | १३ जून

लिहिल्यात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनांत. ‘१ लि.’ च्या खाली ‘रा. ९.१५, स. ६.४५’ असं. सवयच आहे, हजेरीपट भरायची. मेच्या पानावर २८ दिवसांच्या नोंदी आहेत.

माजी_शाखाधिकारी | १३ जून

बाई, तुमचं निम्मं काम झालं आहे. त्या पानांचे फोटो काढा आणि मोबाइलच्या कॉल लिस्टचे स्क्रीनशॉट. दुधाच्या हिशेबासकट राहू द्या, खाडाखोड करू नका. रोजच्या रोज लिहिलेली नोंद ओळखू येते.

आता पत्र. फोनवर काहीही बोललेलं धरू नका. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतोच, द्यावाच लागतो. त्यावर पाठवा आणि एक प्रत पोस्टाने, पावती घेऊन. मसुदा साधारण असा:

“माझे कर्ज खाते क्र. ___. जुलै २०२२ ते जानेवारी २०२५ पर्यंतचे ३१ हप्ते मी मुदतीत भरले आहेत. वैद्यकीय व घरदुरुस्तीच्या खर्चामुळे फेब्रुवारी २०२५ पासूनचे हप्ते थकले आहेत. कर्ज मला मान्य आहे व ते फेडण्याची माझी इच्छा आहे. माझे उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन आहे. उर्वरित रकमेची मुदत वाढवून हप्ता कमी करून द्यावा, ही विनंती. दरम्यान आपल्या प्रतिनिधींनी खालील तारखांना व वेळांना केलेले फोन, दि. १० जून रोजी इमारतीच्या फाटकाशी केलेली वक्तव्ये आणि दारावर चिकटवलेला कागद हे रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाचा भंग करतात. पुरावे सोबत जोडले आहेत. संबंधित एजन्सीचे नाव व अधिकारपत्राची प्रत मिळावी. यापुढील संपर्क लेखी किंवा सकाळी ११ ते १२ या वेळेत माझ्याच क्रमांकावर करावा. खात्याचा संपूर्ण उतारा, दंड आकाराच्या तपशिलासह, मिळावा.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंड हा ‘दंड आकार’ म्हणूनच घेता येतो, व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात ते तपासा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१ पासून बँका आणि फायनान्स कंपन्या यांच्यासाठी एकच एकात्मिक योजना आहे. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर. आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो, नाहीतर तक्रार परत येते.

आकडाही काढला. ३१ हप्त्यांनंतर मुद्दल साधारण १ लाख ७१ हजार उरतं. पाच महिन्यांचं व्याज धरून १ लाख ८३ हजार. ते ३६ महिन्यांत टाकलं तर हप्ता साडेसहा हजारांच्या आत-बाहेर बसेल. हा आकडा डोक्यात ठेवून बोला.

तीनहातनाका | १३ जून

सेटलमेंट का नाही मागत? लाखभरात मिटवतात म्हणे.

माजी_शाखाधिकारी | १३ जून

मिटवतात. पण क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा वर्षानुवर्षं राहतो, आणि लाखभर एकरकमी बाईंनी आणायचे कुठून? पुन्हा कुणाकडून उसने? मुदत वाढवली तर ‘रिस्ट्रक्चर्ड’ अशी नोंद येईल, तीही चांगली नाहीच, पण कर्ज पूर्ण फेडलं असं शेवटी लिहिलं जातं. कुणी सेटलमेंट केलीच तर कंपनीच्या लेटरहेडवर पत्र हातात येईपर्यंत रुपयाही भरू नये. आणि एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर तर कधीच नाही.

खाडीपूल | १३ जून

शेवटच्या वाक्याला हजार वेळा अनुमोदन. माझ्याच टीममधला एक जण मुंब्र्यात लोकांकडून स्वतःच्या नंबरवर पैसे घ्यायचा. खात्यात जमाच होत नव्हते. लोक बिचारे स्क्रीनशॉट दाखवत रडायचे. पैसे फक्त कर्ज खात्यात, आणि पावती.

घोडबंदर_ट्रॅफिक | १३ जून

सिमबद्दलचे शब्द मागे घेतो. मावशीला विचारलं. तिला सतरा फोन आले होते, तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

काकू, तुम्ही मोबाइलवर कुठलं लोन अॅप तर नाही ना घेतलं? माझ्या बाबांनी हप्ता भरायला अॅपवरून ८ हजार घेतले आणि त्यांनी बाबांच्या फोनमधले सगळे नंबर उचलले. नंतर कळलं की २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत कॉन्टॅक्ट लिस्टला हातच लावता येत नाही. ते अॅपच बेकायदा होतं. १९३० वर सायबर तक्रार केली.

शाईची_दौत | १३ जून

नाही रे बाळा. एकजण फोनवर तेच सुचवत होता, ‘मॅडम, दुसरीकडून घ्या आणि आमचं भरा’. नाही घेतलं.

घोडबंदर_ट्रॅफिक | १३ जून

वाचलात.

पाचपाखाडीकर | १३ जून

पोलिसांचंही कुणीतरी लिहा. आमच्या शेजारच्या आजोबांना चौकीत ‘सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून परत पाठवलं.

कोर्टनाका | १४ जून

कर्ज सिव्हिल, धमकी नाही. घरात घुसणं, मारायची किंवा बदनामीची धमकी देणं हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत, गुन्हेगारी धाकदपटशासाठी कलम ३५१ आहे. तोंडी सांगितलं की परत पाठवतात. लेखी अर्ज न्या, दोन प्रती, एकीवर पोहोच घ्या. निदान अदखलपात्र तक्रार नोंदवून तिची प्रत मागा. एजंट पुन्हा आला आणि ती प्रत त्याला दाखवली की आवाज खाली येतो.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर कोर्टनाक्यावर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईंना आणि सोनचाफा ताईंसारख्यांना स्त्री म्हणूनच मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट स्त्रियांना नाही. १५१०० ही हेल्पलाइन. ज्येष्ठांसाठी १४५६७ वेगळी आहे.

खाडीपूल | १४ जून

बाई, आणखी एक. ते पुन्हा आले तर दार पूर्ण उघडू नका, सेफ्टी डोअरमधूनच बोला. “ओळखपत्र दाखवा, अधिकारपत्र दाखवा, फोटो काढते.” फोटो काढताना हात थरथरले तरी चालेल. मी फील्डवर असताना एका आजींनी माझा फोटो काढला होता, चष्मा शोधून, दोनदा. त्या पत्त्यावर मी पुन्हा गेलो नाही.

आणि शेजारी एखादी बाई उभी राहिली तर फार फरक पडतो. तुमच्या त्या दोन विद्यार्थिनींना सांगा की.

शाईची_दौत | १४ जून

पत्र पाठवलं. मुलीने ईमेल केला, पोस्टाची प्रत मी कळवा पोस्टातून टाकली. पावती कॅलेंडरच्या मागे खोचली आहे.

विद्यार्थिनींना सांगायचं धाडस झालं नाही.

वागळे_शिफ्ट२ | १६ जून

टीव्हीखालचा कागद काढला. उपनिबंधक कार्यालयाचीच नोटीस. सुनावणी २४ तारखेची. अजून गेली नाही.

कोर्टनाका | १६ जून

काका, मला व्यक्तिगत निरोप करा. २४ ला मी तिथे असेन. फी नको.

पाचपाखाडीकर | २५ जून

वागळे काका, काल काय झालं?

वागळे_शिफ्ट२ | २५ जून

गेलो. वकील साहेब आले होते. कर्जदाराचा गावचा पत्ता आम्ही लेखी दिला, त्यालाही नोटीस काढा म्हणून सांगितलं. संस्थेचे सचिव समोर बसले होते, पहिल्यांदाच शांतपणे बोलले. पुढची तारीख मिळाली. माझी जबाबदारी संपलेली नाही हे कळलंय, पण जेवण गेलं काल.

शाईची_दौत | १४ जुलै

सगळ्यांना नमस्कार. काय झालं ते सांगते.

पत्र गेल्यावर चार दिवस फोन तसेच. पाचव्या दिवशी एकदम थांबले. २१ जूनला एक माणूस पुन्हा आला, नवा. सेफ्टी डोअरमधून ओळखपत्र मागितलं. त्याच्याकडे नव्हतं. मी मोबाइल उचलला तेवढ्यात समोरच्या दारातून माझी विद्यार्थिनी बाहेर आली. मी काही सांगितलं नव्हतं, आवाज ऐकून आली. माझ्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “बाईंशी बोलायचं असेल तर हळू बोला.” तो गेला. मग तिने सांगितलं, वटपौर्णिमेच्या दिवशी तिला खाली येऊन त्यांना बोलायचं होतं, पण मला आणखी लाज वाटेल म्हणून ती गप्प बसली. आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत गप्प होतो.

४ जुलैला कंपनीचा लेखी ईमेल आला. एजन्सी बदलल्याचं कळवलं आणि दिलगिरीची एक ओळ. उताऱ्यात दोन महिन्यांचा दंड आकार दोनदा लागला होता, तो काढला. शुक्रवारी नव्या करारावर सही केली. ३६ हप्ते, प्रत्येकी ६,५२०. पहिला ५ ऑगस्टला.

माजी शाखाधिकारी साहेब, तुमचा आकडा जवळपास तोच निघाला. कंपनीच्या मुलाने साडेआठ हजार सांगितले तेव्हा मी तुमचा हिशेब पुढे ठेवला.

तीनहातनाका | १४ जुलै

बाई, पहिल्या दिवशी मी जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. तुमचा ३१ हप्त्यांचा उल्लेख मी वाचलाच नव्हता नीट. एक सांगतो, हिशेबी माणूस म्हणून. जुने उरलेले १७ हप्ते म्हणजे १,९२,७१२ होते. नवे ३६ म्हणजे २,३४,७२०. सुमारे ४२ हजार जास्त जातात. मधे कधी पैसे हातात आले, पेन्शनची थकबाकी किंवा महागाई भत्त्याचा फरक वगैरे, तर ते मुदलात भरा. मुदतपूर्व फेडीला काय आकार आहे ते करारात बघितलंत का?

शाईची_दौत | १४ जुलै

बघितलं. वर्षानंतर भरता येतात, २ टक्के आकार आहे. माफी कसली, हिशेब करून दिलात.

सोनचाफा | १४ जुलै

दाराचा कागद?

शाईची_दौत | १४ जुलै

पिशवीत घालून फाइलला लावलाय, गवतीचहांनी सांगितल्याप्रमाणे. दारावर टेपचा चिकटा राहिला होता. खोबरेल तेल लावून घासला, तरी रंग थोडा निघालाच.

माजी_शाखाधिकारी | १५ जुलै

बाई, एक काम राहिलं आहे, ते आजच करा. जुन्या ११,३३६ च्या हप्त्याचा ऑटो-डेबिटचा मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, तुमच्या पेन्शन खात्यावर अजून जिवंत असणार. कंपनीने रद्द केला म्हटलं तरी तुमच्या बँकेत जाऊन तोही लेखी रद्द करून घ्या आणि नवा ६,५२० चाच आहे याची खात्री करा. नाहीतर ५ ऑगस्टला दोन्ही कापायला येतील, आणि परत गेले की पुन्हा बाउन्सचा आकार.

शाईची_दौत | १५ जुलै

अगंबाई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. साडेदहाला बँक उघडते, निघतेच आहे.